घोड्याच्या केसांचा ब्रश

बिबीसारा ओतिन मुकर्रम आपांच्या उंबऱ्यावर पायांचा बर्फ झटकून आत आल्या, तेव्हा सलोमतनं हातातली पीठ लागलेली परात घाईघाईनं पाठीमागे लपवली. जणू देवाच्या दारात कुणी उष्टं घेऊन उभं राहावं.

ओतिन म्हणजे बायकांच्या मजलिशीत बसून गाऊन निरूपण करणारी. मार्गिलानच्या त्या मोहल्ल्यात बारसं असो, लग्न असो की वर्षश्राद्ध, बिबीसारांच्या आवाजाशिवाय ते पार पडलं असं कुणी मानत नसे. सलोमत तर त्यांचं निरूपण ऐकताना कुठल्या कुठे निघून जायची. अर्ध्या मोहल्ल्याचे नान भाजणारी ही जाडजूड विधवा बाई मजलिशीत डोळे मिटून डोलू लागली, की शेजारणी तिला कोपरानं ढोसायच्या, "सलोमत, झोपलीस का गं?" ती झोपलेली नसायची. ती पोचलेली असायची.

"मुकर्रम, माझ्या हातून पाप झालंय," ओतिन बसता बसता म्हणाल्या. "म्हणजे अगदी या हातानंच." त्यांनी डावा हात पुढे केला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून त्यांना उजेड आणि सावली एवढंच दिसत असे.

मुकर्रम आपांनी पियाल्यात चहा ओतला. निम्मं आयुष्य त्यांनी सरकारी तपास खात्यात काढलं होतं. आता लोक खाजगीत येत, आणि सलोमत शेजारीण म्हणून, दूरची बहीण म्हणून आणि निव्वळ उत्सुकतेपोटी त्यांच्या मागे असे.

"हाताचं मग बघू, ओतिनबाई. आधी चहा."

"चहा उतरत नाही घशाखाली. होसियतच्या घरचा दिवाण माहीत आहे ना? रोहतबुवीच्या मखमलीचा?"

तो दिवाण कुणाला माहीत नव्हता? होसियतची आई रोहतबुवी हिनं स्वतःच्या मागावर ती रेशमी मखमल विणली होती. डाळिंबी रंग, त्यावर पिवळ्या ज्वाळा. नव्वदी पार करून म्हातारी गेल्या वर्षी गेली.

"गेल्या गुरुवारी तिथं मजलिस होती," ओतिन सांगू लागल्या. "मला नेहमीसारखं दिवाणावर बसवलं. गाताना माझा डावा हात मखमलीवर फिरत असतो. चाळीस वर्षांची खोड. एका बाजूनं फिरवला की मांजरीच्या पाठीसारखी, उलट फिरवला की रुसलेल्या मुलीसारखी. त्या दिवशी हात फिरवला आणि पद अर्ध्यातच थांबलं. मी बोलून गेले, होसियत, ही तुझ्या आईची मखमल नाही गं."

"आणि नव्हतीच?"

"उसवून बघितली. गिरणीतली नवी मखमल. तेच रंग, तीच नक्षी. बाजारात हल्ली मिळते. जुनीची खोळ कुणीतरी काढून ही चढवलीय."

"आळ कुणावर?"

"सुनेवर. ओयजमालवर." ओतिनबाईंचा आवाज खाली आला. "डोंगरातली पोर. नवरा रशियात कामाला. तिचा थोरला भाऊ परदेशी पाहुण्यांना जुनी कापडं विकतो, एवढं पुरलं सगळ्यांना. परवा रोहतबुवीचं वर्षश्राद्ध. तोवर मखमल मिळाली नाही, तर सुनेची पेटी तिच्या माहेरी रवाना होणार. माझा हात बोलला, मुकर्रम, आणि एका पोरीचं घर मोडायला निघालंय."

सलोमतच्या डोळ्यांत पाणी आलं. मुकर्रम आपांनी कोट घेतला.

*

होसियतच्या अंगणात तुतीची झाडं पांढरी होऊन उभी होती. बर्फ भिजट होता, पावलाखाली चुरचुरण्याऐवजी मऊ दबत होता. सलोमतला वाटलं, सगळं घरच कुणीतरी पांढऱ्या रुमालात बांधून ठेवलंय. आवाज बाहेर येत नव्हता, आतला श्वास तेवढा धुराड्यातून वर जात होता.

होसियत साठीतली, ताठ, डोक्याला काळा रुमाल. तिनं दोघींना बैठकीच्या खोलीत नेलं.

दिवाण खिडकीशी होता. लांब बैठकीची गादी डाळिंबी, पण तिच्यावरचा रंग सलोमतला आता डोळ्यात घुसल्यासारखा वाटला. शेजारी रोहतबुवीच्याच हातच्या हिरव्या मखमलीचा एक जुना लोड होता, रात्रीच्या पाण्यासारखा शांत. दोन्ही एकत्र पाहिल्यावर फरक कळत होता.

"लोडाला कुणी हात लावला नाही?" मुकर्रम आपांनी विचारलं.

"तो खराच आहे. बैठक तेवढी नेली." होसियत कडवट हसली. "आणि मी ती परवा वाटणार होते."

"वाटणार?"

"यिर्तिश करणार होते. भरल्या वयात गेलेल्या माणसाचं कापड फाडून लोकांना वाटायचं नाही का? आईएवढं वय आपल्यालाही लाभो म्हणून. लोक बाजारचा तागा वाटतात. मी ठरवलं, आईच्या हातचीच मखमल फाडायची. महिन्यापूर्वी घरात सांगितलं."

"घरातल्यांना पटलं?"

"नोदिरा, माझी लेक, ताश्कंदहून आलीय. ती भांडली. म्हणे काचेत घालून माझ्या घरी लावते. सून काय बोलणार? आणि हुरी, माझी धाकटी बहीण, तिनं तर हूं की चूं केलं नाही. ती, जी त्या मखमलीवर माशी बसू देत नसे." होसियतनं गादीची कड सारखी केली. "आईचं सगळं तिनंच केलं. लग्नसुद्धा केलं नाही."

"मखमलीची निगा कोण राखायचं?"

"हुरीच. घोड्याच्या केसांचा ब्रश, तोही सुका, तोही एकाच दिशेनं. पाणी नाही, वाफ नाही, काठी नाही. माझ्या मुलानं लहानपणी ओल्या फडक्यानं पुसली होती, तर दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती."

मुकर्रम आपांनी गादीवरून बोट फिरवलं, मग उलट फिरवलं. मखमलीचे केस बसलेले होते, जागोजागी विस्कटलेले.

"हिची शेवटची सफाई कधी झाली?"

"मजलिशीच्या आधल्या सोमवारी. वसंताच्या आधी सगळं घरच झाडलं. तिघी होत्या कामाला. मी बाजारात." होसियतनं दाराकडे पाहिलं. "विचारा तिघींना. खरं कोण बोलतंय ते तुम्हालाच कळेल. मला आता माझ्याच घरातल्यांचे चेहरे ओळखू येत नाहीत."

*

नोदिरा पडवीत होती. एका खुर्चीच्या गादीवर वाफेचं यंत्र चालवत होती. नळीच्या तोंडातून पांढरा फवारा निघून हवेत विरत होता, आणि त्या ढगात तिचा चेहरा दिसत होता, जात होता.

"मावशीला म्हणा, हे बघ, खुर्च्या नव्या झाल्या," ती हसत म्हणाली. "ताश्कंदहून एवढं ओझं वाहून आणलं, आणि इथं सगळ्या माझ्याकडे मी तोफ आणल्यासारख्या बघतात."

"दिवाणाच्या बैठकीवर चालवलं का हे?"

"आजीच्या मखमलीवर? वेड लागलंय का, आपा? रेशमाला गरम वाफ दिली तर केस आडवे होतात, मग मेले तरी उठत नाहीत. मी हात नाही लावला. लोडावर मात्र म्हटलं, मागच्या बाजूला, कोपऱ्यात, जरा बघू." तिनं मनगट चोळलं. "मावशीनं नळी हिसकावून घेतली. ओरखडा आहे बघा अजून. म्हणाली, जळक्या हातांची, दूर हो."

"कधी?"

"त्याच सोमवारी. सफाईच्या दिवशी."

"आणि बैठकीची गादी तेव्हा कुठं होती?"

"बाहेर. ओयजमाल घेऊन गेली होती बर्फावर." नोदिरानं यंत्र बंद केलं. ढग उतरला. "मला ती मखमल हवी होती, आपा, हे मी लपवत नाही. पण ती मला फाडलेली नको होती, तशी चोरलेलीही नको होती. आईला वाटतं मी शहरात जाऊन निर्लज्ज झाले. तेवढीही नाही झाले."

सलोमतला ती आवडली नाही. जरा जास्तच सरळ बोलत होती.

*

ओयजमाल स्वयंपाकघराच्या पायरीवर गाजरं चिरत होती. वर्षश्राद्धाच्या पुलावासाठी गाजरांचा डोंगर होता, आणि ती त्याच्याआड बसली होती. डोळे सुजलेले. पण सुरी सरळ चालत होती.

"तू गादी बर्फावर नेलीस?" मुकर्रम आपा तिच्या शेजारी पायरीवरच बसल्या.

"आमच्याकडे सगळं बर्फावरच साफ होतं, आपा. गालिचा, गादी, घोंगडी. पालथं घालायचं, वरून झोडपायचं, धूळ बर्फात उतरते. मला वाटलं, बैठक पण तशीच करावी. सासूबाई खूश होतील."

"कशानं झोडपलीस?"

"तिथं डाळिंबाच्या जाड काठ्या होत्या, त्या नाही घेतल्या. विलोच्या झाडाची बारीक छडी घेतली, सर्वांत बारीक. आणि खाली माझी पांढरी ओढणी पसरली. मखमलीला थेट बर्फ लागू नये म्हणून."

"कुठली ओढणी?"

ओयजमालनं मान खाली घातली. "लग्नातली. दुसरी एवढी मोठी नव्हती. ती बघा, दोरीवर. खराब झाली."

अंगणातल्या दोरीवर ओढणी लोंबत होती. तिच्यावर गुलाबी डाग पसरले होते, पहाटेच्या ढगांसारखे. सलोमतला ते सुंदरच वाटले, आणि मग एकदम वाईट वाटलं.

"मावशीनं बघितलं का तुला गादी नेताना?"

"हो. खिडकीत होत्या. मला वाटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, जा, झोडप, काय व्हायचंय." तिचा आवाज मऊ झाला. "घरात त्याच एकट्या माझ्याशी बऱ्या वागल्या त्या दिवशी. गादी आत आणली तर ओली झाली होती, केस चिकटले होते. मी रडकुंडीला आले. मावशींनी स्वतः गालिच्याचा ब्रश घेतला, तो ताठ केसांचा, आणि खसाखसा घासून दिली. म्हणाल्या, बघ, उठले केस, आता कुणाला कळत नाही."

"नंतर?"

"नंतर मी सगळे ब्रश साबणानं धुतले. मावशींचा घोड्याच्या केसांचा पण. पांढरा स्वच्छ करून खिळ्याला टांगला." तिनं सुरी खाली ठेवली. "आपा, मी जाते माहेरी. पण माझ्या नवऱ्याला कुणीतरी सांगा, की मी घेतली नाही. तो फोनवर नुसता गप्प राहतो."

सलोमतनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पीठ लागलं तिच्या केसांना.

*

हुरिनिसा मावशी आपल्या छोट्या खोलीत जपमाळ घेऊन बसली होती. बारीक, वाळलेली, पाठीला किंचित पोक. खोलीत फार काही नव्हतं. एक गादी, एक खिडकी, कोनाड्यात पांढऱ्या कापडात बांधलेलं गाठोडं. वाळलेल्या रेहानचा, आपल्या सब्जाचा, गोडसर वास भरून राहिला होता.

"शेवटचं गाठोडं वाटतं?" सलोमत आदरानं म्हणाली. म्हाताऱ्या बायका आपलं कफन, अंघोळीचा साबण, वाटायचे रुमाल असं सगळं बांधून तयार ठेवतात. मरेपर्यंत ते दुसऱ्यानं उघडायचं नसतं. "मीही बांधायला घेतलंय. पण कापड ठरत नाही माझं."

"ठरवू नकोस एवढ्यात," मावशी म्हणाली. "अजून खूप नान भाजायचेत तुला."

सलोमत हसली. मावशीही हसली, पण तिचा हात कोनाड्याकडे जाऊन परत आला.

"मखमल कुणी घेतली असेल, मावशी?" मुकर्रम आपांनी विचारलं.

"ज्याला हवी होती त्यानं."

"सून?"

जपमाळेचे मणी थांबले. "मी तिचं नाव घेतलेलं नाही."

"तिच्या बाजूनंही काही बोलला नाहीत."

मावशीनं एक मणी पुढे सरकवला. खिडकीबाहेर तुतीच्या फांदीवरून बर्फाचं ढेकूळ आवाज न करता खाली पडलं.

बाहेर पडवीत भिंतीवर सगळी अवजारं ओळीनं टांगलेली होती. ताठ ब्रश, केरसुणी, छड्या, आणि शेवटी घोड्याच्या केसांचा ब्रश, मूठ हातानं गुळगुळीत झालेली. मुकर्रम आपांनी तो काढला, त्याच्या केसांत नख घातलं आणि लाल तुसाची बारीक गोळी बाहेर ओढली. मग बैठकीच्या गादीवरूनही एक तूस खरवडून आणलं.

"सलोमत, तुझं नाक तंदूरवर तयार झालेलं आहे. सांग."

आगकाडीच्या ज्योतीवर गादीचं तूस धरलं. ते आक्रसून काळा मणी झालं.

"प्लास्टिकची पिशवी जळल्यासारखं," सलोमत म्हणाली.

मग ब्रशमधलं तूस धरलं. ते कुरकुरत राख झालं.

"केस जळल्यासारखं. शी."

"आणि नुसता ब्रश?"

सलोमतनं हुंगला. "साबण. आणि रेहान."

मुकर्रम आपांनी ब्रश परत खिळ्याला लावला, दोन्ही हातांनी, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तसा.

घरी जाताना सलोमत मनाशी काहीतरी जुळवत होती. शेवटी म्हणाली, "मला कळलं, आपा. नोदिरा. तिला हवी होती, ती म्हणालीच. यंत्र आणलं त्याच पेटीत घालून नेणार असेल ताश्कंदला."

"मग गादीवर वाफ द्यायला ती का घाबरली?"

"का म्हणजे? आजीची मखमल..." सलोमत अडखळली. "पण ती तर आजीची नव्हतीच."

"चाल पुढे. पाय घसरेल."

*

वर्षश्राद्धाच्या सकाळी अंगणात पुरुषांनी मोठ्या कढया चढवल्या होत्या. पाहुणे यायला अवकाश होता. बैठकीच्या खोलीत दार लावून घरच्या बायका तेवढ्या बसल्या होत्या. दिवाणावर ओतिनबाई, हात मांडीवर, मखमलीपासून दूर. दाराजवळ ओयजमालची पेटी भरून तयार होती. तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं, आणि सगळ्या तिच्याकडेच पाहत होत्या.

"ओतिनबाई," मुकर्रम आपा म्हणाल्या, "आधी काहीतरी गा."

बिबीसारांनी डोळे मिटले. आवाज खालून, अगदी जमिनीतून यावा तसा आला. त्या एका विणकरणीची गोष्ट गाऊ लागल्या. ती स्वर्गाच्या बागेच्या दाराशी पोचली, दोन्ही हातांवर आडवा धरलेला कापडाचा तागा घेऊन. दार मोठं होतं. तागा आडवा होता. ती पुढे सरली की तागा चौकटीला अडायचा. राखणदार म्हणाला, बाई, दार अरुंद नाही. ती म्हणाली, मग मला आत का जाता येत नाही? तो म्हणाला, तू काय धरलंयस बघ.

सलोमत त्या दारापर्यंत जाऊन पोचली होती. तिला ती बाग दिसत होती, भिजट, पांढरी, तुतीच्या झाडांची. आवाज थांबला तरी ती परत आली नव्हती.

कुणी आपणहून उठतंय का, याची मुकर्रम आपांनी वाट पाहिली. मग त्यांनी उठून एकेक वस्तू बैठ्या मेजावर मांडली. वाफेच्या यंत्राची नळी. विलोची बारीक छडी आणि गुलाबी डागांची ओढणी. गालिच्याचा ताठ ब्रश. घोड्याच्या केसांचा ब्रश.

"मी कुणाला विचारलं नाही की चोरी कुणी केली," त्या म्हणाल्या. "एवढंच विचारलं, की ही गादी साफ करायला कुणी काय निवडलं. माणूस तोंडानं काहीही सांगतं. पण एखादी वस्तू मोलाची आहे की नाही, हे त्याच्या हाताला ठाऊक असतं, आणि तसंच अवजार हात उचलतो.

"नोदिराकडे वाफ होती. मोहही होता. तरी तिनं ही गादी सोडून दिली, कारण रेशमाचे केस कायमचे पडतील. ती अजून आजीचीच मखमल समजत होती. म्हणजे जुनी तिनं काढलेली नव्हती."

नोदिरानं भुवया उंचावल्या. "चला, माझी तोफ एकदा तरी कामाला आली."

"ओयजमालनं गादी भिजट बर्फावर नेली. ही डोंगरातल्या मुलीची चूक. तिकडे लोकरीला बर्फ सोसतो, इकडे रेशमाला नाही. पण तिनं सर्वांत बारीक छडी निवडली आणि खाली लग्नाची ओढणी अंथरली. ही गिरणीची मखमल आहे हे ठाऊक असलेली बाई तिच्यासाठी स्वतःची लग्नाची ओढणी कशाला खराब करेल? आणि हे डाग बघा. नव्या मखमलीचा कच्चा रंग उतरलाय. रोहतबुवीच्या रंगानं इतकी वर्षं कुणाचा परकर रंगवला नाही. अदलाबदल सोमवारच्या आधीच झाली होती, आणि या पोरीला त्याचा पत्ता नव्हता."

होसियतनं पहिल्यांदाच सुनेकडे पाहिलं. ओयजमाल ओढणीकडे पाहत होती.

"उरलं एक माणूस," मुकर्रम आपांचा आवाज मवाळ झाला. "जे या मखमलीवर ओलं फडकं पडलं तर दोन दिवस अबोला धरायचं. त्याच सोमवारी त्यानं लोडापाशी आलेली वाफेची नळी हिसकावली, इतक्या जोरानं की ओरखडा उठला. म्हणजे स्वभाव बदललेला नव्हता. पण हीच गादी ओल्या बर्फावर जाताना ते खिडकीतून म्हणालं, जा, झोडप, काय व्हायचंय. आणि परत आल्यावर गालिच्याचा ताठ ब्रश घेऊन खसाखसा घासली. ओयजमालला ती माया वाटली. थोडी असेलही. पण त्या हातानं तो ब्रश रोहतबुवीच्या रेशमावर कधीच उचलला नसता. हाताला ठाऊक होतं, की हे तिचं नाही."

हुरिनिसा मावशी भिंतीला टेकून बसली होती. जपमाळ मुठीत आवळलेली.

"मखमल विकली गेली नाही, हेही मला कळलं," मुकर्रम आपा म्हणाल्या. "सोमवारी ओयजमालनं घोड्याच्या केसांचा ब्रश धुऊन पांढरा केला. परवा त्यात लाल तूस होतं, केसासारखं जळणारं, म्हणजे अस्सल रेशमाचं. लोड तर हिरवा आहे. म्हणजे सोमवारनंतर कुणीतरी ती लाल मखमल पुन्हा झाडली होती, याच घरात, नेहमीसारखी, सुकी. आणि ब्रशाला रेहानचा वास होता. रेहानमध्ये बांधलेलं, या घरात दुसरं कुणी कधी उघडणार नाही असं गाठोडं एकच आहे. ते मीही उघडणार नाही, मावशी. तुम्हीच आणा."

मावशीनं मुठीतली जपमाळ जमिनीवर ठेवली.

मग मावशी उठली. गेली आणि आली. पांढरं गाठोडं तिनं जमिनीवर ठेवलं आणि गाठ सोडली. कफनाच्या शुभ्र घड्यांच्या मधोमध ती होती, डाळिंबी, ज्वाळांसकट. खोलीतला उजेडच बदलला.

"मी चोरली नाही," मावशी म्हणाली. "नेणार होते बरोबर. तू फाडणार होतीस, होसियत. आईनं ही विणली तेव्हा मी मागाशेजारी बसून धागे जोडले होते. तिचा घाम आहे यात. लोकांच्या घरी, कपाटांत, चिंध्या होऊन पडणार होती. म्हटलं, नवी फाडू दे तिला. काय कळतंय कुणाला."

"मला सांगायचं होतंस, हुरी."

"तू मला विचारलंस?"

आईच्या उशाशी रात्री कुणी काढल्या, हे होसियतला आठवलं असावं. तिनं काळ्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं.

"मग तुमच्यामुळं मी चोर झाले, तेव्हा एक शब्द का नाही बोललात?" हे ओयजमाल बोलली, इतक्या हळू, की सगळ्यांना ऐकू आलं. "पेटी भरताना तुम्ही बघत होतात, मावशी."

म्हातारीचे खांदे खाली आले. "रोज ठरवत होते, आज सांगीन. रोज तोंड उघडायचे आणि वाटायचं, आईचा आशीर्वाद लोकांपासून लपवणारी बाई म्हणून नाव राहील माझं. तू लहान आहेस, तुझं कसंही निभेल, असं मी मनाला सांगितलं. ते पाप मखमलीहून मोठं आहे. माफ कर म्हणायला तोंड नाही मला."

ओयजमालनं माफ केलं असं म्हटलं नाही. ती नुसती सरकून म्हातारीच्या जवळ बसली. त्या खोलीत तेवढं पुरेसं होतं.

होसियत उठली, तिनं सुनेची पेटी दारापासून उचलली आणि स्वतःच्या हातांनी आतल्या खोलीत नेऊन ठेवली. परत येऊन म्हणाली, "मी फाडणार नाही, हुरी. राहू दे तुझ्या गाठोड्यात. लोकांना बाजारचा तागा वाटू."

मावशीनं मखमल मांडीवर घेतली. तळव्यानं एकदा सरळ फिरवली, एकदा उलट. मग ओतिनबाईंकडे पाहिलं. त्यांना दिसत नव्हतं, तरी त्यांनी मान त्या बाजूला वळवली.

"आडवा धरलाय मी, होय ना?" मावशी म्हणाली.

ओतिनबाईंनी हळूच मान डोलावली.

मावशीनं कात्रीनं कडेला बारीकशी चीर दिली, दोन्ही हातांनी कापड धरलं आणि ओढलं. रेशीम फाटताना लांबवर पाखरांचा थवा उडावा तसा आवाज झाला. पहिली पट्टी तिनं ओयजमालच्या हातात ठेवली.

पोरीनं ती बोटांवर घेतली. केस उलटे वळून काळपट झाले, पुन्हा लाल झाले.

"मावशी," ती म्हणाली, "ही साफ कशानं करायची?"

मावशीनं मेजावरचा घोड्याच्या केसांचा ब्रश उचलला, मूठ पुढे करून तिला दिला. "यानं. सुकी. आणि ती ज्या बाजूला झोपते, त्याच बाजूला."

दार उघडलं. बायका येऊ लागल्या, डोक्यांवर बर्फ घेऊन, रांगेनं. मावशी फाडत राहिली. एक पट्टी ओतिनबाईंच्या डाव्या हातात आली. त्यांनी अंगठ्यानं ती चाचपली, हसल्या, आणि गुरुवारी जिथं थांबलं होतं, नेमकं तिथून ते पद उचललं.

सलोमतनं डोळे मिटले.

"झोपलीस का गं?" कुणीतरी विचारलं.

"राहू दे तिला," मुकर्रम आपा म्हणाल्या. "नाकानं खूप काम केलंय."